ब्लोअर फक्त चार नंबरवरच चालतो आणि रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतो: नेमकं काय तपासायचं

नॉब एकवर फिरवला, वारा नाही. दोनवर नाही, तीनवरही नाही. चारवर नेला की मात्र पूर्ण जोरात घोंघावतो. हाताने फिरवायच्या नॉबचा एसी असलेल्या गाड्यांत हा दोष इतका नेहमीचा आहे, की कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन गाडीजवळ न येताच सांगतो, "रेझिस्टर गेलाय." आणि ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. नवा रेझिस्टर बसतो, चारही स्पीड परत येतात, आपण खूश. मग काही महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा नवा रेझिस्टर, पुन्हा काही महिने, पुन्हा फक्त चार नंबर.

हे लिहितोय ते ज्यांच्याकडे हा प्रकार दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा झालाय त्यांच्यासाठी. रेझिस्टर सहसा आपणहून जळत नाही, त्याला जाळणारं काहीतरी शेजारीच बसलेलं असतं. ते सापडेपर्यंत नवा रेझिस्टर बसवणं म्हणजे फक्त पुढची तारीख घेणं.

हा त्रास किरकोळ समजून लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात, ते मला पटत नाही. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास असताना एक वेळ चार नंबर चालून जातो, कारण तेव्हा तसाही पूर्ण वाराच लागतो. पण पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणी घाटात काचा आतून धुरकट झाल्या की हवा काचेवर मंद आणि सतत हवी असते. पूर्ण जोरातला आवाज सहन होत नाही म्हणून माणूस ब्लोअर बंद करतो, आणि मिनिटभरात समोरचं दिसेनासं होतं. घाटात वळणावर हे होणं धोक्याचं आहे.

आधी एक खुलासा, कारण इथे गोंधळ होतो. "एसीचा फॅन" म्हणताना काही जण समोर रेडिएटरजवळचा, कंडेन्सरचा फॅन म्हणत असतात. तो वेगळा. त्याचा दोष असेल तर गाडी उभी असताना एसी गरम हवा देतो आणि चालायला लागली की गार होतो. इथे आपण डॅशबोर्डच्या आतल्या ब्लोअरबद्दल बोलतोय, जो आपल्या तोंडावर वारा फेकतो. तसंच ब्लोअरचा आवाज चारही नंबरांवर नीट बदलतोय पण वारा मात्र कमीच येतोय, असं असेल तर स्पीडचा दोषच नाही. आत येणाऱ्या हवेचा फिल्टर तुंबलाय, हवा गार करणाऱ्या कॉइलवर मळ बसलाय किंवा बर्फ धरलाय. ते प्रकरण निराळं.

चार नंबरच का शिल्लक राहतो

ब्लोअरची मोटर साधी १२ व्होल्टची डीसी, म्हणजे बॅटरीच्या करंटवर चालणारी मोटर असते. तिला पूर्ण करंट मिळाला की ती पूर्ण वेगाने फिरते. वेग कमी करायचा तर वाटेत अडथळा टाकायचा, तो अडथळा म्हणजे रेझिस्टर. एका छोट्या पाटीवर तारेची तीन वेटोळी एकामागोमाग जोडलेली असतात. एक नंबरवर करंट सगळ्या वेटोळ्यांतून जातो, दोनवर एक वेटोळं कमी होतं, तीनवर आणखी एक. चारवर करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट जातो. म्हणून रेझिस्टर पार जळला तरी चार नंबर चालत राहतो.

त्याच पाटीवर आणखी एक छोटी वस्तू असते, थर्मल फ्यूज. पाटी ठरावीक तापमानापेक्षा जास्त तापली की तो तुटतो आणि एक, दोन, तीन तिन्ही एकदम बंद पडतात. "रेझिस्टर जळाला" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा वेटोळी धडधाकट असतात, फक्त हा फ्यूज तुटलेला असतो. त्याने त्याचं काम केलेलं असतं. पाटी इतकी का तापली, हा खरा प्रश्न.

लक्षणं थोडी वेगळी असतील तर दोष दुसरीकडे असू शकतो. फक्त पहिला नंबर गेलाय आणि बाकीचे चालतात, तर एक वेटोळं तुटलंय किंवा नॉबच्या आतला त्या नंबरचा पॉइंट जळलाय. एक, दोन, तीन चालतात पण चारच येत नाही, तर रेझिस्टरकडे पाहूच नका. नॉबचा स्विच, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग), किंवा गाडीत चार नंबरसाठी वेगळा रिले (विजेवर चालणारा स्विच) असेल तर तो रिले, हे बघा. नॉब दाबून धरला, किंचित हलवला की स्पीड येतो-जातो, तर स्विच किंवा त्यामागचा कपलर ढिला. कुठल्याच नंबरवर काही नाही, तर आधी फ्यूज, मग अर्थिंग (करंट परत जायची वाट), मग मोटर. आणि नॉब बंदवर ठेवला तरी ब्लोअर फिरतच राहतो, तर रिलेचे पॉइंट एकमेकांना चिकटलेत किंवा वायर कुठेतरी घासून शॉर्ट झालीय. अशा गाडीत किल्ली बंद करूनही आवाज थांबत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत फ्यूज काढून ठेवा, नाहीतर सकाळी बॅटरी संपलेली मिळेल.

रेझिस्टर पुन्हा का जळतो

इथे थोडा हिशेब करू, कारण सगळं प्रकरण त्यात आहे. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा दोन नंबरवर करंटच्या वाटेत १.२ ओहमचा रेझिस्टर आहे आणि मोटर ५ अँपिअर घेतेय. ५ गुणिले ५ गुणिले १.२, म्हणजे ३० वॅट उष्णता. मोटर जड झाली आणि ७.५ अँपिअर घ्यायला लागली, तर तोच हिशेब साडेसदुसष्ट वॅटवर जातो. करंट दीडपट झाला, उष्णता सव्वादोन पटीने वाढली. घरी सोल्डरिंग करायचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं, त्यावरून अंदाज येईल. चार बोटं रुंद प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेल्या पाटीवर एवढी उष्णता.

ही उष्णता जाण्याची सोय कंपनीने केलेली असते. रेझिस्टर मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्याच्या वाटेत बसवतात, वेटोळी डक्टच्या, म्हणजे हवेच्या नळाच्या आत आणि कपलर बाहेर. म्हणजे ब्लोअर स्वतःच आपल्या रेझिस्टरला गार ठेवतो. आता ही मेख लक्षात घ्या. मोटरचा बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती कडी) कोरडा पडला किंवा पंख्यात कचरा अडकला, की एक नंबरवर मिळणारा तुटपुंजा जोर मोटरला फिरवायला पुरत नाही. मोटर जागच्या जागी अडून बसते. अडलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा जास्त करंट ओढते, तो सगळा रेझिस्टरमधून जातो, आणि त्याला गार करायला वाराच नसतो. आपण मात्र "एकवर वारा जरा कमीच येतो" म्हणून नॉब तसाच सोडून गाडी चालवत राहतो. रेझिस्टर जळण्याची यापेक्षा खात्रीची पद्धत नाही.

म्हणून सगळ्यात मोलाचं लक्षण रेझिस्टर जळण्याच्या आधी दिसतं: थंड गाडीत एक नंबर लावल्यावर ब्लोअर लगेच सुरू होत नाही, दोनवर नेऊन परत एकवर आणला की चालतो. हे दिसलं की समजायचं, मोटर थकली. रेझिस्टर अजून जिवंत आहे तोवरच तिच्याकडे बघा.

अकोल्याला माझा मावसभाऊ असतो, त्याच्या हॅचबॅकचं हेच झालं होतं. गाडी वर्षानुवर्षं कडुनिंबाखाली उभी. गॅरेजवाल्याने रेझिस्टर बदलून दिला होता, तोही गेला, मग त्याचा फोन आला. "दादा, या गाडीला रेझिस्टर खायची सवयच लागलीय."

मी विचारलं, "एकवर टाकला की लगेच फिरतो का?"

"नाही ना. आधी दोनवर न्यावा लागायचा. पण ते तर पहिल्यापासूनच आहे."

गाडी पाहायला मिळाली तेव्हा ब्लोअर खाली उतरवला. पंख्याच्या पिंजऱ्यात कडुनिंबाच्या वाळक्या काड्या एका बाजूला चेपून बसलेल्या, वर धुळीचा नमद्यासारखा थर. पाती पांढऱ्याची राखाडी झालेली. काड्या काढल्यावरही पिंजरा बोटाने फिरवला तर अर्धा फेरा जाऊन थांबायचा, आणि शाफ्ट हाताला डुगडुगत होता. एका बाजूच्या वजनाने पंखा इतके दिवस हिसके देत फिरला आणि त्याने बुश खाल्ला. साफसफाई झाल्यावरही चार नंबरवर २१ अँपिअर जात होते. नवी मोटर लावल्यावर त्याच जागी, त्याच मीटरवर १४. जळका रेझिस्टर गुन्हेगार म्हणून बदलला जात होता आणि करंट ओढणारी मोटर तशीच होती.

तपासणी: घाई न करता

आधी कानाने. इंजिन बंद ठेवून किल्ली फक्त ऑनला न्या, काचा वर करा, ब्लोअर चारवर दोन मिनिटं चालवा. टिकटिक ऐकू आली तर पंख्यात पान किंवा काडी आहे. चिरका, किणकिणता आवाज असेल आणि खड्ड्यात गाडी आपटली की बदलत असेल, तर बुश. मग नॉब बंद करा आणि थांबताना ऐका. चांगला ब्लोअर हळूहळू, काही सेकंद घेत थांबतो. जो "घर्र" करून लगेच थांबतो, त्याला कुठेतरी ओढ आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि बऱ्याचदा पुरेशी ठरते. चार नंबरवरही ब्लोअर कधी चालू कधी बंद होतो आणि डॅशबोर्डखाली थाप मारली की सुरू होतो, तर मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) संपत आलेत.

मग खाली उतरायचं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ब्लोअर आणि रेझिस्टर दोन्ही डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे किंवा खाली असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. डाव्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन असते. ग्लोव्ह बॉक्स बहुतेक गाड्यांत दोन्ही कडा आत दाबल्या की खाली लोंबतो. ब्लोअर नुकताच चालवला असेल तर रेझिस्टरला लगेच हात घालू नका. डाग पडेल इतका तापलेला असतो.

रेझिस्टर दोन स्क्रूंवर असतो. तो काढण्याआधी त्याचा कपलर नीट बघा, टॉर्च लावून बघा. घाईत इथेच चूक होते. प्लास्टिक एका पिनेपाशी पिवळट-तपकिरी झालंय का? कड किंचित वितळून बसकी झालीय का? पिनेचा रंग काळपट-निळसर दिसतोय का? यातलं काहीही दिसलं तर कपलरसुद्धा गेलाय, नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही. तापून ढिली झालेली पिन नव्या रेझिस्टरच्या पायाला घट्ट धरत नाही, तिथे संपर्क कच्चा राहतो, कच्चा संपर्क तापतो आणि नव्या रेझिस्टरचे पायही जाळतो. पुन्हा पुन्हा रेझिस्टर जाण्याचं मोटरनंतरचं मोठं कारण हेच आहे आणि ते डोळ्यांना दिसतं. कोकण किनाऱ्यावरच्या, गोव्यातल्या गाड्यांत खाऱ्या दमट हवेने पिना हिरवट होतात, तिथे तर हे आवर्जून बघा.

बाहेर काढलेला रेझिस्टर मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजा. आकडे फार लहान असतात, साधारण अर्ध्या ओहमपासून तीन-चार ओहमपर्यंत, म्हणून आधी मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून त्यांचाच रेझिस्टन्स किती येतो ते पाहा आणि तो वजा करा. स्वस्त मीटरच्या तारांचाच पाव-अर्धा ओहम निघतो आणि चांगला रेझिस्टर बिघडलेला वाटू लागतो. कुठल्याही दोन पायांमध्ये मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळं किंवा थर्मल फ्यूज तुटलाय.

रेझिस्टर ठणठणीत निघाला तर नॉबच्या स्विचकडे वळा. इथे एक गोष्ट माहीत हवी. कित्येक गाड्यांत, विशेषतः जपानी आणि मारुतीच्या घराण्यातल्या, मोटरला किल्लीबरोबर थेट १२ व्होल्ट मिळतात आणि रेझिस्टर व स्विच अर्थच्या बाजूला असतात. त्यामुळे टेस्ट लॅम्प मोटरच्या एका वायरला लावून बत्ती पेटली म्हणजे "करंट येतोय, मोटर गेली" असा निष्कर्ष निघत नाही. त्या वायरवर करंट कायमच असणार. अडलं असेल ते अर्थकडे परतताना.

आता मोटर. तीन स्क्रू आणि एक कपलर, बहुतेक गाड्यांत ती पंख्यासकट खाली येते. पिंजरा बोटाने फिरवा. तो सैल, बिनआवाजाचा फिरला पाहिजे. मोटरच्या चुंबकामुळे थोडे खटके जाणवतात, ते नैसर्गिक आहे, पण घासल्याचा खरखरीतपणा नको. शाफ्ट वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. पिंजऱ्याच्या आतल्या पात्यांवर एकाच बाजूला मळ असेल तर जुन्या टूथब्रशने सगळी पाती सारखी साफ करा. पाण्याखाली धरायचं नाही, मोटर त्याला चिकटलेली आहे. पंखा सुटा होत असेल तर साफ करून परत त्याच खुणेवर बसवा. बाहेरच्या कडेला एखादी छोटी धातूची क्लिप दिसली तर ती काढू नका, ती तोल साधायला कारखान्यातच लावलेली असते.

कोरड्या बुशला तेलाचा थेंब देऊन मोटर वाचवायचा मोह होतो. आवाज थांबतो, हे खरं. पण झिजलेलं भोक तेलाने भरून येत नाही, आणि तेल कार्बनवर उतरलं तर दुसरंच दुखणं सुरू होतं. शाफ्ट डुगडुगत असेल तर मोटर बदला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत जुनी मोटर स्वस्तात मिळेलही, पण ती दुकानातच बॅटरीवर लावून, करंट मोजून घ्या. दुसऱ्याची थकलेली मोटर आणून काही साधत नाही.

करंट मोजण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण निकाल इथेच लागतो. ब्लोअरच्या वायरला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजणारं) लावायचं, आणि ते डीसी करंट मोजणारंच हवं. घरगुती वायरिंगवाल्यांकडचं स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त घरातल्या विजेचा एसी करंट मोजतं, ते गाडीवर शून्य दाखवत बसतं. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खुंटीतून चार नंबरचा करंट घालू नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. छोट्या गाडीत चार नंबरवर साधारण १२ ते १८ अँपिअर दिसले तर ठीक. ब्लोअरचा फ्यूज बहुधा २५ किंवा ३० चा असतो, म्हणून २१-२२ अँपिअर ओढणारी आजारी मोटर तो फ्यूज न उडवता महिनोन्महिने चालू राहू शकते. फ्यूज उडत नाही म्हणून मोटर चांगली, असं मानण्यात लोक इथेच फसतात. क्लॅम्प मीटर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्या इलेक्ट्रिशियनकडे गाडी न्या आणि मोजून दाखवा म्हणा. दोन मिनिटांचं काम आहे.

फिल्टरबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. "फिल्टर तुंबला की मोटरवर लोड येतो, करंट वाढतो" असं सरसकट सांगतात. या पिंजऱ्यासारख्या पंख्याचं उलटं असतं: हवेची वाट अडली की पंखा कमी हवा ढकलतो आणि मोटर उलट कमी करंट घेते. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात ठेवला की त्याचा आवाज चढतो, ते यामुळेच. तरीही तुंबलेला फिल्टर रेझिस्टरला मारतोच, पण दुसऱ्या वाटेने. त्याला गार करणारा वारा कमी होतो. म्हणून फिल्टर साधारण १०-१५ हजार किलोमीटरला बदला, खडीच्या आणि धुळीच्या रस्त्यांवर त्याआधीच. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो, तिथे सगळा पालापाचोळा सरळ पंख्यात जातो. वायपरखालच्या जाळीतून हवा आत येते, ती जाळी महिन्यातून एकदा हाताने साफ करा. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी तर दर आठवड्याला. त्याची बारीक पानं कुठल्याही जाळीतून सुटतात. पावसाळ्यात उंदीर इथूनच आत शिरतात आणि फिल्टरवर घर करतात. फिल्टर कुरतडलेला दिसला तर आसपासच्या वायरी बोटाबोटाने तपासा.

जे करू नये

थर्मल फ्यूज तुटला म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना तार टाकून "डायरेक्ट" करून देणारे भेटतात. पाच मिनिटांत चारही स्पीड येतात आणि पैसेही फारसे जात नाहीत. कृपा करून हे करू देऊ नका. पाटी तापल्यावर थांबवणारं एकमेव साधन आपण काढून टाकतो, आणि आजूबाजूला प्लास्टिक, फोम आणि कोरडा पालापाचोळा असतो. नवा थर्मल फ्यूज सोल्डर करणंही सोपं नाही, सोल्डरच्या उष्णतेनेच तो तुटतो. अख्खा रेझिस्टर काही शे रुपयांत मिळत असताना हा धोका कशासाठी? त्याचप्रमाणे २५ च्या जागी ४० चा फ्यूज टाकणं. वायर २५ च्या हिशेबाने दिलेली असते, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

कपलर बदलताना जुन्या वायरींना नवीन वायरी नुसत्या पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून सोडू नका. त्या जागेच्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होतो आणि ती सुटते. नीट क्रिम्प करून (जोड धातूच्या क्लिपमध्ये दाबून) वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा, वायर मूळ जाडीची किंवा तिच्याहून जाड घ्या. लांबी थोडी जास्त ठेवा, म्हणजे कपलरवर ताण येणार नाही.

ऑटोमॅटिक एसी असेल तर

डिजिटल तापमान दाखवणाऱ्या गाड्यांत तारेचा रेझिस्टर नसतो, त्याऐवजी मोठ्या पॉवर ट्रान्झिस्टरचं मॉड्यूल असतं, पाठीला ॲल्युमिनियमची पाती असलेलं. त्याचं दुखणं वेगळं. आतून शॉर्ट झालं की ब्लोअर सगळ्या सेटिंगवर पूर्ण जोरात चालतो, तुटलं की अजिबात चालत नाही. स्पीड वर-खाली करताना पॅनेलकडून मॉड्यूलला जाणाऱ्या बारीक वायरवरचं व्होल्टेज बदलतं का ते मोजा. बदलतंय आणि ब्लोअर ढिम्म, तर मॉड्यूल गेलं. व्होल्टेजच बदलत नसेल तर दोष पॅनेलकडे. हे मॉड्यूल रेझिस्टरपेक्षा बरंच महाग असतं, म्हणून नवं लावण्याआधी मोटरचा करंट मोजणं इथे जास्तच गरजेचं. थकलेली मोटर मॉड्यूललाही तसंच जाळते.

बसवल्यानंतर

नवा रेझिस्टर, गरज असेल तर नवा कपलर आणि मोटर बसली, की ग्लोव्ह बॉक्स लगेच लावू नका. डक्टच्या भोकाभोवती फोमची पट्टी असते ती परत नीट बसलीय का पाहा, नाहीतर तिथून हवा गळेल. ब्लोअर थंड असताना एक नंबर लावा. तो आधार न घेता, आपणहून सुरू झालाच पाहिजे. मग प्रत्येक नंबर क्रमाने, आणि शेवटी दोन नंबरवर वीसेक मिनिटं गाडी चालवा. उतरून कपलरला बोटाच्या पाठीने स्पर्श करा. कोमट लागला तर चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर एक तर पिन ढिली आहे किंवा मोटर अजून जड आहे. नवा कपलर घातला असेल तर संशय मोटरवर, आणि मग पुन्हा क्लॅम्प मीटर.

गॅरेजमध्ये काम करून घेणार असाल तर "रेझिस्टर बदला" असं सांगू नका, तेवढंच होईल. सांगा की हा आधीही गेलाय, मोटर खाली उतरवून दाखवा आणि चार नंबरवरचा करंट मोजून बिलावर लिहून द्या. तो आकडा जपून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा मोजला आणि दोन-तीन अँपिअरने चढलेला दिसला, तर रेझिस्टर जळायच्या आधीच मोटरकडे लक्ष देता येईल.